वारीतल्या त्या मुलीचा प्रश्न
(आंतरसांस्कृतिक संवाद या विषयास अनावृत पत्र)

प्रिय आंतरसांस्कृतिक संवाद,



तुझा पेपर देणाऱ्या मुलांना तुझ्या व्याख्या पाठ असतात, पण तू आलास कुठून हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. तुझा जन्म सरकारी खात्यात झाला. दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकेचे अधिकारी आणि सल्लागार जगभर जाऊ लागले. परक्या मुलखात वागायचं कसं हे त्यांना शिकवण्यासाठी तिथल्या परराष्ट्र खात्यानं १९४७ साली फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट काढली. एडवर्ड हॉल हे मानवशास्त्रज्ञ १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे शिकवत होते. कुळं, विधी, नातेसंबंध असं नेहमीचं मानवशास्त्र त्या अधिकाऱ्यांना नको होतं. त्यांना उद्या सकाळी कामाला येईल असं काही हवं होतं. समोरच्यानं तासभर ताटकळत ठेवलं तर तो अपमान समजायचा का? बोलताना तो इतका जवळ का येतो? त्याचा होकार खरा धरायचा का? हॉल आणि त्यांचे सहकारी, भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ट्रेगर, यांनी मग वेळ, अंतर, आवाज, हातवारे अशा बारीकसारीक गोष्टींचाच अभ्यास मांडला. १९५९ साली हॉल यांचं ‘द सायलेंट लँग्वेज’ हे पुस्तक आलं आणि तुझं बारसं झालं.

मी पुण्यात जर्मन शिकवते. वर्गात चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर असतात, हिंजवडीतली आयटीतली मुलं असतात, अलीकडे नर्सिंग केलेल्या मुलीही येतात. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. त्यानंतर तालुक्याच्या गावांहूनही चौकशीचे फोन येऊ लागले. यातल्या बहुतेकांची तुझ्याशी कुठे ना कुठे गाठ पडतेच. कुणाला एमबीएला तुझा पेपर असतो, कुणाला परदेशी भाषेच्या एम.ए.ला. कुणाला ऑनसाइट जाण्याआधी कंपनी दीड दिवसाचं क्रॉस कल्चर ट्रेनिंग देते. ही मुलं तुझ्यावर विश्वास ठेवतात. परक्या देशात आपला निभाव लागावा म्हणून ती तुझ्याकडे येतात, आणि माझ्या मते त्यांना तुझ्याकडून हवं ते मिळत नाही.

तुझा उपयोगच नाही असं मी म्हणणार नाही. तू कामाला येतोस हे मी पाहिलं आहे. माझी एक विद्यार्थिनी जर्मनीतल्या रुग्णालयात लागली. पहिल्याच महिन्यात ड्यूटी बदलताना तिच्या वरिष्ठ नर्सनं सगळ्यांसमोर सांगितलं, की तू केलेली नोंद अपुरी आहे, पुन्हा लिही. आवाज चढवला नव्हता, पण शब्दांना मुलामाही नव्हता. पाचच मिनिटांनी त्याच बाईंनी तिला कॉफी आणून दिली. आमची मुलगी त्या रात्री फोनवर मला विचारत होती, की मॅडम, त्यांना माझा राग आलाय का नाही, ते मला कळतच नाहीये. कामातली चूक तोंडावर सांगायची आणि ती तिथेच संपवायची, ही तिथल्या कामाच्या जागची रीत आहे, एवढं तिला निघण्याआधी कुणी नीट समजावलं असतं, तर ती रात्र तिची अशी गेली नसती. हॉल यांनी जे हेरलं ते खरंच होतं. माणसं शब्दांच्या अलीकडे-पलीकडे खूप काही बोलतात, आणि ते बोलणं प्रत्येक ठिकाणी लहानपणापासून शिकावं लागतं.

पण पुढे काय झालं ते बघ.

हॉल यांनी १९६६ साली ‘द हिडन डायमेन्शन’मध्ये माणसामाणसांतल्या अंतराचे चार पट्टे सांगितले. १८ इंचांच्या आत अगदी जवळची माणसं, तिथून ४ फुटांपर्यंत ओळखीची, ४ ते १२ फूट कामकाजाची आणि त्यापलीकडे सभा-भाषणाची. ही मापं तुझ्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. हॉल यांनी त्याच पुस्तकात बजावलं होतं, की ही निरीक्षणं मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीय माणसांची आहेत आणि ती साऱ्या मानवजातीला लागू धरू नयेत. पाठ्यपुस्तकांत मापं राहिली, इशारा गळाला. आता इचलकरंजीचा मुलगाही परीक्षेत १८ इंच लिहून येतो आणि त्याला गुण मिळतात.

आणि मग मला प्रश्न पडतो, की अंतर हा धडा तू महाराष्ट्रातल्या वर्गात शिकवतोस तेव्हा महाराष्ट्रातलं अंतर कुठे असतं? बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतली वहिवाट नोंदवली आहे. सवर्ण हिंदू रस्त्यानं येत असेल तर आपली सावली त्याच्यावर पडू नये म्हणून अस्पृश्याला त्या रस्त्यावर मज्जाव होता. पुण्यात त्याच्या कमरेला झाडू असे, आपल्या पावलांचे ठसे पुसण्यासाठी, आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं. हेही माणसामाणसांतलं अंतरच आहे. ते सवयीतून आलेलं नाही, ते हुकमानं ठरलेलं होतं आणि मोडलं तर शिक्षा होती. त्याचे अवशेष आजही गावच्या पाणवठ्यावर, वेगळ्या ठेवलेल्या कपात, फ्लॅट भाड्यानं देताना विचारल्या जाणाऱ्या आडनावात सापडतात. अंतराचा अभ्यास करणारं शास्त्र पुण्यात शिकवलं जातं आणि त्यात हे येत नाही, याला मी अपुरेपणा म्हणणार नाही. हे शास्त्र आपल्या पायाखालची जमीन बघायला तयार नाही, असंच मी म्हणेन.

तुझ्यात आकडे आणले ते खेर्ट हॉफस्टेड यांनी. हे डच संशोधक आयबीएममध्ये काम करत होते. १९६७ ते १९७३ या काळात कंपनीनं जगभरच्या आपल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या १ लाख १६ हजार प्रश्नावल्या त्यांच्या हाती होत्या. त्यांतून १९८० साली ‘कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस’ हा ग्रंथ उभा राहिला. चाळीस देशांना त्यात गुण दिले होते: सत्तेतलं अंतर किती मानतात, व्यक्तीला महत्त्व की समूहाला, वगैरे. भारताला सत्तेच्या अंतरासाठी ७७ आणि व्यक्तिवादासाठी ४८ मिळाले. काम प्रचंड होतं आणि त्या काळात धाडसाचंही होतं, ते मी मान्य करते. पण या ७७मध्ये बसलेली माणसं कोण होती? भारतातल्या आयबीएमचे त्या वेळचे नोकरदार. पुढे १९७८ साली ती कंपनी भारत सोडून गेली आणि कित्येक वर्षांनी परतली. मूठभर शहरी नोकरदारांनी ज्या काळात उत्तरं दिली, तो काळ टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावण्याचा होता. आज त्या आकड्यावरून जर्मन व्यवस्थापकाला सांगितलं जातं, की भारतीय माणूस वरिष्ठांपुढे बोलत नाही. ब्रेंडन मॅक्स्वीनी यांनी २००२ साली या साऱ्या पद्धतीवर सविस्तर टीका केली. एका कंपनीच्या माणसांवरून देश कसा मोजता, हा त्यांचा सरळ सवाल होता. ट्रेनिंगच्या स्लाइडवर मात्र तो सवाल येत नाही, आकडाच येतो.

त्या आकड्यानं काय होतं ते मी जवळून ऐकलं आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा, लातूर जिल्ह्यातला, पुण्यात एका गाडीच्या सुट्या भागांच्या चाचण्या करतो. दर आठवड्याला जर्मनीतल्या टीमबरोबर व्हिडिओ कॉल. एका भागाची चाचणी दोनदा फसली होती. त्यानं ते आपल्या टीम लीडला सांगितलं होतं, मेल केलं होतं. कॉलच्या आधी लीडनं बजावलं, की क्लायंटसमोर हा विषय काढू नकोस, मी बघतो. कॉलवर पलीकडच्या बाईंनी थेट त्याला नावानं विचारलं, काही अडचण आहे का? तो गप्प राहिला. लीड म्हणाला, सगळं वेळेत होईल. पुढच्या महिन्यात तो भाग अडला तेव्हा दोन्हीकडच्या टीमसाठी ट्रेनिंग ठेवलं गेलं. ट्रेनरनं ७७ची स्लाइड दाखवली आणि समजावलं, की भारतीय संस्कृतीत वरिष्ठांसमोर अडचण मांडत नाहीत, तेव्हा जर्मन सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळ्या प्रकारे विचारावेत. तो मुलगा शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता. हाच मुलगा गावी ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या बिलावरून सरपंचाला उभं करून प्रश्न विचारून आला आहे. त्याच्या गप्प राहण्याचं कारण त्याच्या कंपनीच्या करारात होतं. उशिराचा दंड, लीडचं अप्रेझल, त्याची स्वतःची कायम न झालेली नोकरी. तू ते सारं ‘संस्कृती’च्या नावावर टाकलंस आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवं होतं ते सगळे मोकळे झाले.

तुझ्यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. जिथे सत्ता असते तिथे तू संस्कृती वाचतोस.

ही सवय जुनी आहे. मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांचं जपानवरचं पुस्तक ‘द क्रिसँथेमम अँड द स्वोर्ड’ १९४६ साली आलं. युद्धकाळात अमेरिकी सरकारनं सोपवलेलं ते काम. त्या जपानला कधीच गेल्या नाहीत, जपानी भाषा त्यांना येत नव्हती. ग्रंथ, चित्रपट आणि अमेरिकेतल्या जपानी माणसांशी बोलणं, एवढ्यावर त्यांनी एका राष्ट्राचा स्वभाव मांडला. पुस्तकात बुद्धी आहे आणि सहानुभूतीही, जपानमध्येच त्याच्या लाखो प्रती खपल्या. तरी त्याच युद्धकाळात अमेरिकेतले लाखावर जपानी वंशाचे लोक, ज्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिक होते, काटेरी तारांआड छावण्यांत होते. ज्यांना प्रश्न विचारायचे ते तारेच्या आत आणि विचारणारा बाहेर, हे चित्र तुझ्या घराण्यात आहे. ते लपवू नकोस, पहिल्याच व्याख्यानात सांग.

तुझ्या घराण्यात दुसरंही एक चित्र आहे आणि ते तुझ्या पुस्तकांत मला सापडत नाही म्हणून जीव तुटतो. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. मानवशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचा सेमिनार. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. वंशावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या शास्त्राला त्या काळी ज्यांनी अंगावर घेतलं त्या परंपरेतले. तिथे बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले अशा परदेशी अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांचीही तपासली. आपले ज्ञानकोशकार केतकर त्याच्या काही वर्षं आधी अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेचा अभ्यास करून गेले होते. आंबेडकरांनी दाखवलं, की विटाळ वगैरे बाजूच्या गोष्टी आहेत, जातीचा गाभा जातीतल्या जातीत लग्न हा आहे. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या चाली लग्नाच्या या कुंपणाच्या रक्षणासाठी आल्या. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला.

ज्या समाजाला आजवर फक्त मोजलं आणि लिहिलं गेलं होतं, त्यातलाच एक जण परदेशातल्या सेमिनारमध्ये उभा राहून मोजणाऱ्यांची मापं तपासतो आहे, असं ते दृश्य होतं. तुझा पहिला धडा यापेक्षा चांगला कोणता असू शकेल? आणि हा धडा जुना झालेला नाही. हिंदू जगात जिथे जातील तिथे जात सोबत नेतील, अशी भीती केतकरांनी व्यक्त केली होती आणि आंबेडकरांनी त्या निबंधात ती उद्धृत केली होती. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठानं २०१९ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत जात आणली, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ साली आणली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहरानं तसा कायदा केला. ज्या विद्यापीठांत तू शिकवला जातोस तिथल्या वसतिगृहांत आणि प्रयोगशाळांत हा प्रश्न पोहोचला आहे. भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकन माणसाशी कसं बोलावं हे तू शिकवतोस. तिथे एका खोलीत राहणाऱ्या दोन भारतीय मुलांमध्ये काय चाललं आहे, त्याकडे तुझं लक्ष नसतं.

आता मी त्या बाईंकडे येते ज्यांच्यामुळे मला तुझी ओढ लागली. इरावती कर्वे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला मानवशास्त्र शिकायला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, जे पुढे नाझी वंशशास्त्राचे मोठे आधारस्तंभ झाले. इरावतीबाईंना विषय मिळाला तो माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा, आणि त्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा अशी अपेक्षा होती. पंचविशीही न गाठलेली ही मराठी मुलगी कवट्या मोजत बसली आणि असा काही संबंध दिसत नाही, असं आपल्या मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध लिहून आली. डॉक्टरेट मिळाली. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती आपली पदवी आहे त्याच्यासमोर मोजमापाशी इमान राखणं, याला मी आंतरसांस्कृतिक संवाद म्हणते.

पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी तीसेक वर्षं काम केलं. नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३चा. पण माझ्या दृष्टीनं तुझ्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे तो वारीवरचा त्यांचा लेख. १९६२ साली तो ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये ‘ऑन द रोड’ या नावानं इंग्रजीत आला. इरावतीबाई एका दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. दिवसभर एकच अभंग सगळ्यांच्या तोंडी. मुक्कामाला पोचलं की स्वयंपाक वेगळा, पंगत वेगळी. हे त्यांना बोचलं. त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या. वाटेत हात धरून चालू लागल्या, घरचं सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. शेवटी शेवटी म्हणाल्या, की आम्ही पुण्याला तुमच्याकडे येऊ. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीनं विचारलं, की तिथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का.

इरावतीबाईंना हा प्रश्न आत कुठेतरी लागला, आणि त्यांनी तो झाकून न ठेवता लेखात लिहिला. हजारो वर्षं शेजारी राहूनही आम्ही एकमेकांचे झालो नाही, असं त्या लिहून गेल्या.

मी हा लेख दरवर्षी मुलांना वाचून दाखवते, जर्मनच्या तासाला. माझ्या दृष्टीनं तुझं सगळं शास्त्र त्या मुलीच्या प्रश्नात आहे. वारीत सगळेच घराबाहेर असतात. धूळ सारखी, ऊन सारखं, पायाचे फोड सारखे. तिथे ताटाला ताट लावणं अवघड असलं तरी जमतं. पण पुण्यात कॉलेज आहे, बंगला आहे, फाटक आहे, शेजारी बघताहेत. तिथे ती मुलगी आली तर तिला कुठल्या खोलीत बसवणार? त्या मुलीला अभ्यासक नेमका कळला होता. दुसऱ्याच्या मुलखात आपण कसे वागतो ते तू शिकवतोस. दुसरा आपल्या दारात आल्यावर आपण कसे वागतो, याची परीक्षा तू घेत नाहीस. आज पुण्यात आफ्रिकेतल्या, पश्चिम आशियातल्या, ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांना खोली मिळवताना काय ऐकावं लागतं, ते त्यांना विचार. तुझ्या एम.ए.च्या वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्या सोसायट्या आहेत.

ज्यांनी या प्रश्नाला आयुष्यानं उत्तर दिलं अशी माणसंही आपल्याकडे होऊन गेली. ज्या जर्मन राज्याशी आपल्या सरकारनं करार केला, त्याच राज्यात हायडेलबर्ग आहे. तिथल्या विद्यापीठातले ग्युंथर झोंटहायमर वर्षानुवर्षं महाराष्ट्रात येत राहिले, मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर आणि जत्रांत राहिले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६चा. १९९२ साली ते गेले. धनगरी ओव्यांवर त्यांनी सुरू केलेलं काम अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्यासह पुढे नेलं आणि २०१४ साली दोन ओव्यांचं जे इंग्रजी पुस्तक निघालं, त्यावर ही तिन्ही नावं आहेत. मुखपृष्ठावर नाव येणं ही साधी गोष्ट वाटेल. तुझ्या इतिहासात अशा सहकाऱ्यांची नावं बहुतेक वेळा ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत पडून राहिली आहेत.

मॅक्सीन बर्नसन यांचं तर काय सांगावं. फलटणच्या बोलीवर संशोधन करायला आलेली ही अमेरिकन बाई फलटणचीच झाली, भारताची नागरिक झाली. अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकवता यावं म्हणून त्यांनी जाई निंबकरांबरोबर व्याकरण आणि पाठ्यपुस्तकं तयार केली. जाई निंबकर या इरावतीबाईंच्या कन्या. आणि मग बर्नसन यांनी फलटणच्या वस्तीतल्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याचं काम हाती घेतलं, त्यातून मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. कमला निंबकर बालभवन. आपल्याकडची मराठी माणसं मुलांना इंग्रजी शाळेत घालायला रांगा लावत होती, त्या काळात. संशोधनासाठी ज्यांच्याकडून भाषा घेतली, त्यांच्या मुलांना तिनं ती लिहिती-वाचती करून परत दिली.

आणि उलट्या दिशेनं पाहणाऱ्यांत पंडिता रमाबाई. १८८६ साली त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, जवळजवळ तीन वर्षं फिरल्या आणि १८८९ साली त्यांनी अमेरिकेची लोकस्थिती मराठीत मांडली. तिथल्या स्त्रियांच्या संस्था, शिक्षण, घरं यांचं कौतुक केलं, आणि वर्णभेद व मूळ रहिवाशांवरचा अन्याय यांवर बोटही ठेवलं. हॉल यांच्या सत्तर वर्षं आधी एक मराठी बाई अमेरिकेचा अभ्यास करून आपल्या लोकांना सांगत होती. तुझ्या इतिहासाच्या प्रकरणात हे नाव असायला हवं.

एवढं लिहिल्यावर तुझ्याकडे आणि ज्यांच्या हाती तुझा अभ्यासक्रम आहे त्या मंडळींकडे माझं मागणं स्पष्ट शब्दांत ठेवते. भाषेशिवाय तुझी पदवी कुणाला देऊ नकोस. ज्या समाजाबद्दल विद्यार्थी लिहिणार, त्याच्या भाषेत बाजारहाट करता येईल, भांडता येईल आणि माफी मागता येईल, इतपत तरी त्यानं शिकलंच पाहिजे. मला माहीत आहे, की याला वेळ लागतो आणि दीड दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये ते बसत नाही. मग दीड दिवसाच्या ट्रेनिंगला तुझं नाव लावू देऊ नकोस. देशांच्या गुणांचे तक्ते शिकवायचे तर ते कुणाला विचारून, कधी, कुठल्या नोकरीतल्या माणसांकडून मिळाले तेही त्याच पानावर छाप. आणि परदेशाबद्दलचा पहिला निबंध लिहून घेण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्याच गावात, जिथे तो कधी जेवलेला नाही अशा घरी पाठव. त्या घरच्यांनाही त्याच्या घरी जेवायला बोलावू दे. मग त्यांनी त्याच्याबद्दल काय पाहिलं ते त्यांनी सांगावं, आणि त्यानं ते लिहून आणावं.

जूनमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू होईल. त्याआधी अभ्यास मंडळांच्या बैठका होतात, पेपर बदलतात, क्रेडिट वाटले जातात. त्या बैठकांत बसणाऱ्या प्राध्यापकांनी हे पत्र वाचलं, तर त्यांना माझी विनंती आहे: सुरुवात म्हणून इरावतीबाईंचा तो लेख आणि बाबासाहेबांचा १९१६चा निबंध, हे दोन मजकूर या विषयाच्या पहिल्या सत्रात सक्तीचे करा. दोन्ही मिळवायला सोपे आहेत आणि दोन्ही एका आठवड्यात वाचून होतात.

तुझी,
पुण्यातली एक भाषाशिक्षिका